मोठ्या माशांच्या तळ्यात लहान पिल्लं सोडताना : बडोदेकरांचे अनुभव

हौदवाली (दांडिया बाजार):
आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात दगडी हौद आहे. त्यात हातभर लांबीचे कोई जातीचे शोभेचे मासे आणि काही जुने कॉमेट गोल्डफिश आहेत. येत्या थंडीत त्यांच्यात बोटाएवढी पिल्लं आणायचा विचार आहे. दुकानात एवढंच सांगतात, की पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा आणि सोडून द्या. त्यानं पाण्याचं तापमान जुळतं, खरं. पण हौदात आधीपासून असलेल्या माशांचं काय, रोगाचं काय, लहानांच्या वाट्याला खाणं येतं का, हे कुणी बोलत नाही. एक जीव विकत आणून दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा, हे मला पटत नाही. तेव्हा ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. पिल्लं किती मोठी होती, कुठल्या महिन्यात सोडली, आणि मोठ्यांनी काय केलं, हे जरूर सांगा.

मांजलपूरकर:
ताई, आधी तोंड बघा. कोईच्या जबड्याला दात नसतात, असतात ते घशात. तो लचका तोडत नाही, तोंडात मावेल ते ओढून घेतो. म्हणजे पिल्लू लांबीला किती आहे यापेक्षा मोठ्याच्या तोंडात मावतं का, एवढाच प्रश्न. माझे कोई वीस इंचांच्या आसपास आहेत, त्यामुळे पाच इंचांच्या आतलं पिल्लू मी मोकळं सोडत नाही.

बोटाएवढी पिल्लं मी हाप्यात वाढवतो. मत्स्यबीज केंद्रांवर पिल्लं ठेवायला जाळीची पेटी पाण्यात टांगतात, तोच हापा. पीव्हीसी पाइपची चौकट करा, तिला मच्छरदाणीचं कापड शिवून घ्या, वरची कड पाण्याच्या वर वीतभर ठेवा म्हणजे पिल्लं उडी मारून बाहेर पडणार नाहीत. पाणी तेच, फिल्टर तोच, फक्त मध्ये जाळी. सुरुवातीला मोठे मासे जाळीला तोंड लावत घिरट्या घालतात. मी दोन्हीकडे एकाच वेळी खाणं टाकतो. मोठ्यांना हौदाच्या दुसऱ्या टोकाला तरंगत्या गोळ्या, पिल्लांना हाप्यात तेच खाणं खलबत्त्यात कुटून. हळूहळू मोठ्यांचं कुतूहल संपतं आणि ते जाळीवरून सरळ निघून जातात. ते दिसेपर्यंत थांबायचं. माझ्या मते सगळ्या प्रकारात महत्त्वाचं काही असेल तर हे थांबणं. एक काळजी मात्र घ्या. जाळीवर शेवाळ धरतं आणि आतलं पाणी खेळत नाही. मऊ ब्रशनं ती घासत राहा.

पाणकणीस (कारेलीबाग):
आमच्याकडे हापा नव्हता, पण एका कोपऱ्यात हायड्रिला ही पाणवनस्पती दाट माजली होती आणि तळाशी मातीचे पाइप आणि जुनी कौलं रचलेली होती. डासांच्या अळ्यांसाठी आणलेले गप्पी मोठ्या कॉमेटांच्या हौदात टिकले ते त्या हायड्रिलामुळेच. रिकाम्या, गुळगुळीत सिमेंटच्या टाकीत लहान माशाला लपायला जागाच नसते. आधी ती करा.

प्राणिशास्त्रवाली (फतेहगंज):
पिशवीबद्दल थोडं लिहिते, कारण यात बरेच मासे विनाकारण जातात. शहरातल्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेली पिशवी वेगळी आणि कोलकात्याहून किंवा चेन्नईहून खोक्यातून आलेली वेगळी. लांबच्या प्रवासात माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बंद पिशवीत साठतो आणि पाणी आम्लधर्मी होतं. त्या पाण्यात माशांनी टाकलेला अमोनिया बहुतेक अमोनियम रूपात असतो, आणि ते रूप फारसं विषारी नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याची आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून अशी पिशवी उघडी ठेवून त्यात तासभर थोडं थोडं पाणी ओतत बसणं धोक्याचं. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडल्यावर मासे लगेच जाळीनं काढा, पिशवीतलं पाणी झाडांना घाला. हौदात ते जाऊ देऊ नका, रोगही त्याच पाण्यातून येतो.

आणि नळाचं पाणी नव्यानं भरणार असाल तर क्लोरीनचा बंदोबस्त आधी. हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे मिळतात, ते वापरा.

हौदवाली:
मांजलपूरकर, हापा त्याच हौदात असेल तर रोग जाळीतून पलीकडे जाणार नाही का?

मांजलपूरकर:
जाईल. म्हणून हाप्याच्या आधी वेगळी टाकी. मी निळा ड्रम वापरतो, त्याला छोटा एअर पंप लावलाय. निदान तीन-चार आठवडे पिल्लं तिथे.

प्राणिशास्त्रवाली:
हे तीन-चार आठवडे कशासाठी, तेही सांगते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असेल तर त्याचा फेरा साधारण आठवड्याभरात पुरा होतो, थंडीत त्याहून बराच लांबतो. त्यामुळे डिसेंबरात आणलेल्या पिल्लांना उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त दिवस वेगळं ठेवा. साधं खडे मीठ लिटरला तीन ग्रॅम, एकदम न टाकता दोन दिवसांत विभागून. ड्रममध्ये पाणवनस्पती असल्या तर काढून घ्या, त्यांना ते सोसत नाही. माशांची ऊ आणि अँकर वर्म हे अंगाला चिकटणारे परजीवी डोळ्यांना दिसतात. पराच्या मुळाशी आणि पोटाखाली बघा. मिठानं ते जात नाहीत, औषध वेगळं लागतं.

डभोईकडचा शेतकरी:
आमचं खाण्याच्या माशांचं तळं आहे, कटला, रोहू, मृगल. तुमचा तोंडाचा नियम आमच्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. कटल्याचं तोंड सगळ्यांत रुंद, पण तो वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. पाच किलोचा कटला बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, वाटेला जात नाही. खरा वैरी मरळ. अंगानं लहान असली तरी पिल्लं वेचून खाते. वरून हवा घेऊन श्वास घेते, त्यामुळे पाणी आटलं तरी चिखलात जगून राहते. तळं कोरडं केलं म्हणजे मरळ गेली, असं समजू नका.

सरकारी पुस्तिकांत यावर मोहाची पेंड सांगतात, हेक्टरी 2500 किलो. तिच्यानं तळ्यातले सगळेच मासे मरतात आणि पुढे दोन-तीन आठवडे बीज सोडता येत नाही. म्हणजे तळ्यात मोठे मासे ठेवायचे असतील तर तो उपाय बाद. आम्ही ओढजाळं पुन्हा पुन्हा फिरवून मरळ काढतो, आणि जिरे (नुकती फुटलेली पिल्लं) किंवा बीज (त्याहून थोडी मोठी) न घेता चार इंचांवरची बोटुकलीच घेतो. महाग पडते, पण हाती लागते.

सोडायची वेळही सांगतो. हिरव्या पाण्यात पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, मोठे मासेही तोंड वर काढतात. त्या वेळी प्रवासानं थकलेली बोटुकली टाकू नये. ऊन पडल्यावर तास-दोन तासांनी, पाणी तापायच्या आधी सोडावी. पावसाळी कुंद दिवस असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलावं.

वाडीतली:
हौदातले मासे सांभाळताना वरही लक्ष असू द्या. आमच्याकडे मोठ्या माशांनी एकही पिल्लू खाल्लं नाही, पण खंड्या रोज तारेवर येऊन बसायचा आणि सकाळी ढोकरी कठड्यावर. नवी पिल्लं वर वर फिरतात, त्यामुळे तीच आधी जातात. आता नायलॉनची जाळी ताणून बांधली आहे. सैल राहिली तर पक्षी अडकतो. एक कळकळीची विनंती, उत्तरायणानंतर उरलेली दोरी हौदावर आडवी बांधू नका. काच लावलेल्या त्या दोरीनं पंख कापले जातात. पिल्लं वाचवायला पाखरं मारायची नाहीत.

समा भागातून:
ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्या वेळी मगरीही घरांपर्यंत आल्या होत्या. आमचं तळंही त्या पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर त्यात ओळखू न येणारे मासे होते, आमचे काही नाहीसे झाले होते. ओळखीचे नव्हते ते सगळे काढले, गाळ उपसला, फिल्टर पुन्हा बसेपर्यंत मोठ्यांचंही खाणं कमी ठेवलं. त्या पावसाळ्यात नवी पिल्लं आणलीच नाहीत. नदीकाठच्यांनी जूनपासून नवरात्रापर्यंत पिल्लं आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हौदवाली:
म्हणजे दिवाळीनंतर ड्रममध्ये, मग हाप्यात, आणि उन्हाळा लागायच्या आत मोकळी. पाच इंचांपर्यंत वाढली नाहीत तर?

मांजलपूरकर:
तर पुढच्या थंडीपर्यंत हाप्यातच राहू द्या, घाई नाही. मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा मोठ्यांच्या गर्दीत नवी भर नको. सोडायच्या दिवशी आधी मोठ्यांना पोटभर खायला घाला. मग हाप्याची एक कड पाण्याखाली थोडीशी दाबून बांधा आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या, जाळीनं उचलून टाकू नका. माझी पिल्लं बरेच दिवस खाण्याच्या वेळी हाप्यात परत यायची, त्यामुळे हापा लगेच काढू नका. कड मात्र इतकीच दाबा की मोठा मासा आत शिरणार नाही.

प्राणिशास्त्रवाली:
आणि मोकळी केल्यावर एकूण खाणं लगेच वाढवू नका. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला वेळ घेतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासत राहा. किटमध्ये दोन्ही शून्य दिसले तरच पुढची मूठ टाका.