मदत हवी आहे: मोठा चौकोनी रेशमी स्कार्फ गळ्यात बांधायचा कसा? गाठ टिकतच नाही

घाईतली (मंगळवार, रात्री ९:४२)
शनिवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून थेट मुद्द्यावर येते. भेट मिळालेला एक मोठा चौकोनी रेशमी स्कार्फ आहे आणि तो गळ्यात बांधायचा आहे. आठ-दहा व्हिडिओ बघून झाले. त्यातल्या बाईचे हात दोनदा फिरतात आणि गळ्यात फूल उमलतं. माझ्या गळ्यात दप्तराचा बंद लोंबतो. त्यात गाठ दहा मिनिटांत सैल होते, आणि टोकं आडवी पडायच्या ऐवजी एक हनुवटीकडे बघतं, दुसरं पोटाकडे. कृपया "सोपं आहे, सराव करा" असं लिहू नका. सराव करून करून आरसासुद्धा कंटाळलाय.

तिरपी_शिवण (रात्री ९:५८)
मोठा म्हणजे किती? कापड गुळगुळीत सॅटिन आहे की तिरक्या विणीचं ट्विल? आणि घालणार कशावर, कॉलरच्या शर्टावर, गोल गळ्यावर की बंद गळ्यावर? हे तीन कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

सोनटक्का (रात्री १०:०३)
एवढ्या चौकशा कशाला? स्कार्फची पट्टी करा, ती मधोमध दुमडा, मानेमागून घ्या. एका बाजूला फासा येतो, त्यात दोन्ही टोकं घालून ओढा. झालं! गाठच नाही तर सुटणार काय? मी पंधरा वर्षं असाच घालते.

घाईतली (रात्री १०:२०)
मोठा म्हणजे मोठा. रेशमी आहे असं लिहिलंय की वर.
सोनटक्काताई, आत्ता करून पाहिलं. टोकं वीतभरसुद्धा उरत नाहीत आणि गळा आवळल्यासारखा दिसतो.

तिरपी_शिवण (रात्री १०:२६)
सोनटक्का, तुमचा स्कार्फ चौकोनी आहे का?

सोनटक्का (रात्री १०:३१)
लांब आहे. पण तत्त्व तेच.

तिरपी_शिवण (रात्री १०:३३)
तत्त्व तेच, कापड कुठून आणायचं? पट्टी मधोमध दुमडली की लांबी निम्मी होते. १८० सेंमीच्या लांब स्कार्फला ते परवडतं. चौकोनी स्कार्फ त्यात गळ्याभोवतीच संपून जातो.

उगाच_एक (रात्री १०:५०)
मुळात रेशीम आहे का ते आधी बघा. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून टणक गोळी झाली तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर असेल तर गाठ सुटणारच.

घाईतली (रात्री १०:५५)
कडा हाताने वळवून शिवलेल्या आहेत. त्यातला धागा काढून जाळू? नाही.

अडीच_अंश (बुधवार, सकाळी ७:१५)
जाळू नका, मोजा. टेप आणि छोटा वजनकाटा असेल तर मापं आणि वजन द्या. आणि कापड उजेडात तिरपं धरून बघा, बारीक तिरक्या रेघा दिसतात का?

घाईतली (सकाळी ८:४०)
१२७ सेंमी. वजन ५० ग्रॅम. रेघा आहेत, अगदी बारीक, तिरक्या. आता तरी सांगा.

मागचा_बाक (सकाळी ९:०५)
१२७ म्हणजे चैन आहे! एवढा मोठा गळ्यात कोंबू नका. त्रिकोणी घडी करून खांद्यांवर टाका, एक टोक पुढे, एक मागे, खांद्यावर ब्रोच. माझ्याकडे १४० चा आहे, मी शालीसारखाच घेते.

तिरपी_शिवण (सकाळी ९:१२)
ब्रोच नको. जाड पिनेने रेशमाला भोक पडतं आणि ते बुजत नाही.

मागचा_बाक (सकाळी ९:१४)
बारीक पिन, घडीच्या दोन-तीन थरांतून. माझ्याला अजून एकही भोक नाही.

तिरपी_शिवण (सकाळी ९:१५)
उजेडात धरून बघा.

मागचा_बाक (सकाळी ९:४०)
...बघितलं. चार आहेत. तरी शालीसारखा छान दिसतो.

घाईतली (दुपारी १:२०)
जेवणाच्या सुट्टीत केलं. शाल कसली, लाळेरं दिसतंय! खांद्यापर्यंत जेमतेम पोचतं. तुमच्या १४० मध्ये आणि माझ्या १२७ मध्ये एवढा फरक कसा?

अडीच_अंश (दुपारी १:४५)
मलाही सकाळपासून तेच खटकतंय. रेशमाचं वजन मॉमेमध्ये सांगतात. १ मॉमे म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. १२७ चा चौकोन म्हणजे १.६१ चौरस मीटर. त्याचं वजन ५० ग्रॅम असेल तर कापड जेमतेम ७ मॉमेचं झालं, म्हणजे शिफॉनसारखं झिरझिरीत. पण तिरक्या रेघा म्हणजे ट्विल, आणि स्कार्फचं ट्विल सहसा १२ ते १८ मॉमेचं असतं. कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्ही मोजलंत कुठून कुठपर्यंत?

घाईतली (दुपारी १:५२)
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

अडीच_अंश (दुपारी १:५३)
समोरासमोरचे कोपरे?

घाईतली (दुपारी १:५५)
मग! सगळ्यात लांब तेच होतं ना.

अडीच_अंश (दुपारी २:०१)
तो कर्ण आहे. १२७ भागिले १.४१४ म्हणजे ९०. तुमचा स्कार्फ ९० बाय ९० आहे, आणि ५० ग्रॅमला १४ मॉमे बरोबर बसतात. जीव भांड्यात पडला.

मागचा_बाक (दुपारी २:१०)
म्हणजे माझा शालीचा सल्ला रद्द. तरी म्हटलं लाळेरं कसं होईल!

पिंपळपान (दुपारी २:३०)
९० हे तर ठरलेलं माप. पॅरिसच्या एर्मेस कंपनीने १९३७ मध्ये आपला पहिला चौकोनी रेशमी स्कार्फ काढला, आणि ९० चं ट्विल हीच पुढे त्यांची ओळख झाली. तसल्या स्कार्फची कड सुलट बाजूला वळवून हाताने शिवतात. इस्त्री करताना ती कड दाबायची नाही, गोल राहू द्यायची. इस्त्री उलट बाजूने, कमी तापवून. पाणी शिंपडू नका, थेंबांचे डाग राहतात. अत्तर आधी लावा, ते वाळल्यावर स्कार्फ. धुवायचा असेल तर गार पाण्यात सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. रंग जातोय का ते आधी कोपऱ्यावर बघा.

घाईतली (दुपारी २:३४)
धन्यवाद, पण धुवायचं कुणी विचारलंय? बांधायचं सांगा हो कुणीतरी. शनिवार!

तिरपी_शिवण (दुपारी ३:२०)
सांगते. आधी घडी, कारण निम्मं बिघडतं ते तिथेच. स्कार्फ उलट बाजू वर करून सपाट पसरा. समोरासमोरचे दोन कोपरे मध्यावर आणा, टोकं एकमेकांवर थोडी चढू देत. मग दोन्ही बाजूंनी आत घडी, पुन्हा घडी, पाच-सहा सेंमी रुंद पट्टी होईपर्यंत. ही तिरकी घडी. कडेला समांतर घडी घातलीत तर पट्टी ९० ची होते आणि फळीसारखी ताठ बसते. तिरकी घातलीत तर १२७ ची होते, शिवाय कापड तिरकं असलं की जरासं ताणतं, त्यामुळे मानेच्या वळणावर चोळामोळा न होता बसतं.
आता गाठ. टोकं वर-खाली उभी राहतात म्हणालात, तिथेच चोर सापडला. तुम्ही दोन्ही वेळा उजवं टोकच डाव्यावर टाकताय. तशी गाठ आडवी बसत नाही आणि सरकत सरकत सुटते. पहिला वेढा उजवं डाव्यावर, दुसरा डावं उजव्यावर. लक्षात ठेवायला सोपं: पहिल्या वेढ्यात जे टोक वर होतं, तेच दुसऱ्यातही वर. टोकं दोन्ही बाजूंना आडवी पडली की गाठ बरोबर.

घाईतली (दुपारी ३:४१)
थांबा, ऑफिसच्या आरशासमोर आहे.

घाईतली (दुपारी ३:४९)
आडवी पडली!!! दोन्ही बाजूंना, मांजराच्या मिशांसारखी. मी आयुष्यभर बुटांच्या नाड्यासुद्धा उलट्या बांधत होते की काय?

तिरपी_शिवण (दुपारी ३:५२)
नाडीचा बो वाकडा बसत असेल तर हो.

सोनटक्का (दुपारी ४:१०)
तरी रेशमावर कुठलीही गाठ सैल पडणारच. फाशाला तोड नाही. एका टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर एक ढिली गाठ मारा आणि दुसरं टोक तिच्यातून ओवा. हे चौकोनी स्कार्फलाही चालतं, तिरपीताई.

तिरपी_शिवण (दुपारी ४:१८)
हे मात्र खरंच छान आहे. मान्य. मान मोकळी राहते आणि हवं तसं वर-खाली करता येतं.

इसाडोरा_नको (दुपारी ४:४०)
गाडीत बसताना टोकं आत घ्या एवढंच सांगेन. नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ मध्ये नीस शहरात उघड्या मोटारीतून निघाली होती. गळ्यातला स्कार्फ चाकात अडकला आणि ती गेली.

पिंपळपान (दुपारी ४:४६)
तो लांब स्कार्फ होता. चर्चा चौकोनी स्कार्फची आहे.

इसाडोरा_नको (दुपारी ४:४७)
चाकाला फरक पडत नाही.

आराम_खुर्ची (संध्याकाळी ६:३०)
चर्चा पळवतोय, माफी. पुरुषांनी हा ९० चा घालावा का? मला बहिणीने दिलाय आणि कपाटात पडून आहे.

तिरपी_शिवण (संध्याकाळी ६:४४)
खुशाल. वरची दोन बटणं उघडी ठेवा. तीच तिरकी पट्टी गळ्याभोवती घेऊन समोर एकच वेढा द्या, वरचं टोक खालच्यावर सपाट पाडा आणि सगळं शर्टाच्या आत सोडा. बाहेर फक्त घडी दिसते. गाठ शर्टाच्या आत असल्यामुळे सुटली तरी तुमची तुम्हालाच माहीत.

घाईतली (रात्री ९:०५)
आता खरं सांगते. शनिवारी स्टेजवर चाळीस मिनिटं बोलायचंय. शर्ट पांढरा, कॉलरचा. गाठ टिकतेय, पण आज मैत्रिणीने मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड केलं तर सगळीकडे खसखस खसखस. स्टेजवर कॉलर माईक असणार आहे.

अडीच_अंश (रात्री ९:१२)
माईक! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो.

घाईतली (रात्री ९:१४)
विचारलंत का कुणी?

अडीच_अंश (रात्री ९:२०)
कापड माईकवर घासलं की खसखस होते, आणि लोंबणारी टोकं प्रत्येक हालचालीत घासतात. माईक स्कार्फला लावू देऊ नका, शर्टाच्या पट्टीवर गाठीच्या वीतभर खाली लावायला सांगा. आणि टोकं तिथपर्यंत पोचता कामा नयेत.

तिरपी_शिवण (रात्री ९:३१)
मग पट्टी मानेभोवती एकदा नाही, दोनदा फिरवा. मध्यभाग गळ्यासमोर ठेवा, टोकं मागे नेऊन मानेवर एकमेकांवरून घ्या आणि पुढे आणा. १२७ मधले सत्तर-पंचाहत्तर वेढ्यांतच जातात. दोन्हीकडे पंचवीसेक उरतात, त्यातले थोडे गाठ खाते. ती आडवी गाठ कॉलरच्या आत, जरा एका बाजूला मारा. टोकं आखूड राहतात आणि कॉलर त्यांना दाबून धरते. दोन वेढ्यांमुळे गाठीवरचा ताणही कमी होतो. फक्त मान आणि स्कार्फच्या मध्ये दोन बोटं ठेवून बांधा, चाळीस मिनिटं बोलायचंय.

सोनटक्का (रात्री ९:४०)
किंवा स्कार्फची रिंग घ्या. टोकं ओवली की झालं.

अडीच_अंश (रात्री ९:४१)
धातूची रिंग आणि शेजारी माईक. टक्-टक्.

सोनटक्का (रात्री ९:४४)
लाकडी मिळते.

घाईतली (गुरुवार, रात्री १०:१५)
दोन वेढे, गाठ डाव्या बाजूला, शर्टाच्या दुसऱ्या बटणाखाली फोन अडकवून पंधरा मिनिटं बोलले. रेकॉर्डिंग स्वच्छ. एकदाच खसखस आली, मान वळवून स्लाइडकडे बघितलं तेव्हा. म्हणजे मान नाही, अख्खं अंगच वळवायचं.

घाईतली (रविवार, सकाळी ११:००)
झालं काल. माईक लावणाऱ्या मुलाने आल्या आल्या क्लिप थेट स्कार्फलाच लावली, मी काढायला लावली. चाळीसची बावन्न मिनिटं झाली, गाठ हलली नाही. नंतर तीन जणींनी विचारलं कसा बांधला. दोघींना शिकवला. तिसरीचा किती मोठा आहे विचारलं तर म्हणाली, "मोठा आहे."
तिरपीताई आणि अडीच अंश, मनापासून आभार.

उगाच_एक (सकाळी ११:२२)
अभिनंदन. जाळून बघितला का मग?

घाईतली (सकाळी ११:२३)
नाही.