मदत हवी आहे: आर्ट हिस्टरी की बीकॉम?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. लेक बारावी कॉमर्स झालीय आणि आता म्हणते मला सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या फाईन आर्ट्सला बीव्हीए (दृश्यकलेची पदवी) करायचंय, तेही चित्रकला नाही, आर्ट हिस्टरी, म्हणजे कलेचा इतिहास! चार वर्षं. हिचे बाबा म्हणतात बीकॉम कर, सोबत सीए फाउंडेशन दे, मग छंद म्हणून काय हवं ते बघ.

खरं सांगू, मुलीचा ओढा खोटा नाहीये, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये (१८९४ ची बिल्डिंग) तास तास उभी राहते, वहीत मूर्तींच्या हातातल्या वस्तू काढत बसते, मला तर सगळे देव सारखेच दिसतात. पुढे इथेच म्युझिऑलॉजीत (संग्रहालयशास्त्रात) मास्टर्स आहे, किंवा नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन शिकवता येईल, एवढं मला कळलंय. पण म्युझियमच्या जागा रोज थोड्याच निघतात? गॅलरी, ऑक्शनवाले फ्रेशरला घेतात का, की मुंबई-दिल्लीला जावंच लागतं? पहिला पगार साधारण किती? हे कोणी केलेलं असेल तर प्लीज खरंखुरं सांगा, नुसतं 'पॅशन फॉलो करा' नको. आणि प्रवेशाच्या ॲप्टिट्यूड टेस्टची तयारी घरी होते की क्लास लावावा? सासूबाई रोज विचारतात, "मग पोरगी करणार काय?"