वावरातल्या समाध्या: घरच्या जमिनीत पुरू द्यावं का?

वर्धारोडवाला: आमच्यात पुरतात. आजा, आजी, मोठे बाबा, तिघंही उमरेड रोडच्या वावरात, बोरीखाली. अक्षय तृतीयेला तिथंच घागर ठेवतो. आता चुलतभाऊ वावर प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआऊटवाल्याला द्यायचं म्हणतो. माझं मत: जमीन आपली असेल तर घरच्या माणसाला तीत जागा देण्याचा हक्क कायद्यानं मिळावा.

बेसाकर: आणि विकल्यावर? माझ्या प्लॉटचा पाया खणताना चुन्याचा चबुतरा लागला. खाली कोण हे कोणालाच ठाऊक नाही. मजुरांनी फावडी ठेवली ती ठेवलीच. दोन महिने काम बंद. सातबारा तीनदा पाहिला, समाधीची एक ओळ नाही, नुसता पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. तुमची श्रद्धा, आमचं कर्ज! हक्क अजिबात नको.

कोर्टाचा चहा: थोडं कायद्याचं. दफनभूमी हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय, नोंद 10, म्हणजे कायदा राज्यांनी करायचा. देशभर एकच कायदा नाही. महापालिका हद्दीत आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी दफनभूमी उघडता येत नाही. गावात स्मशान-दफनभूमी ग्रामपंचायतीच्या कामात येते. शिवाय बेसाकर, दुखावण्याच्या हेतूनं दफनाच्या जागी घुसणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नव्हता, म्हणून घाबरू नका.

छत्तीसगडमधल्या बस्तरचं प्रकरण आठवा. मुलाला ख्रिश्चन वडिलांना गावात पुरायचं होतं, गाव नाही म्हणालं. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात. 27 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. नागरत्ना म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या. न्या. शर्मा म्हणाले, ठरलेल्या दफनभूमीतच. शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला.

बेसाकर: म्हणजे माझंच खरं ठरलं.

हिंगण्याची पोरगी: काय ठरलं दादा? आमच्या आज्यानं वावरात हौसेनं नाही पुरलं. गावच्या स्मशानात आमच्या लोकांना जागाच नव्हती. आधी प्रत्येक गावात सगळ्यांना जागा द्या, मग वावरातलं बंद करा.

विहीरवाला: ताई, खरं आहे. पण वीस हातांवर शेजाऱ्याची विहीर असते, पावसाळ्यात पाणी कुठून झिरपतं ते आपल्याला दिसतं काय? अंतर ठरवा, नोंद सक्तीची करा, मग पुरा.

बेसाकर: नोंद सातबारावर हवी. मग मीही विरोध करणार नाही. प्लॉट मात्र घेणार नाही.

वर्धारोडवाला: तेच तर! म्हणूनच चुलतभाऊ नोंदीला नाही म्हणतो, भाव पडतो म्हणे. लेआऊटवाल्यानं तोडगा काढलाय, ती जागा ओपन स्पेसमध्ये दाखवतो.

हिंगण्याची पोरगी: ओपन स्पेस सगळ्या प्लॉटवाल्यांची असते, भाऊ. बोरीखाली घसरगुंडी बसली की घागर कुठं ठेवणार? खरेदीखतात समाधीची जागा आणि तिथं जायची वाट, दोन्ही लिहून घ्या. सही त्यानंतर.