केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.साठी धारवाडच बघा

काका, तुमची लेक खानापुरात बी.एस्सी. झाली, आता एम.एस्सी. केमिस्ट्री आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात करावी की धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात, असं तुम्ही विचारलंय. वर काहींनी 'घराजवळचं ते बरं' असं लिहिलंय. मला ते पटत नाही.

चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधी ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचंच पदव्युत्तर केंद्र होतं. धारवाडचा पसारा १९५० पासूनचा, आणि तो उभा केला पावटे कुलगुरूंनी, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या माणसानं. नुसत्या नावासाठी मी धारवाड म्हणत नाही. केमिस्ट्रीवाल्याला उपकरणं लागतात. तिथं सोफिस्टिकेटेड इन्स्ट्रुमेंट्सचं वेगळं केंद्रच आहे, रेणूची रचना ओळखणारी एनएमआरसारखी यंत्रं कॅम्पसमध्येच. पुढं पीएच.डी. किंवा औषध कंपनीत जायचं असेल तर स्पेक्ट्रम, म्हणजे या यंत्रांनी काढलेला आलेख, स्वतः वाचता यायला हवा, आणि ती सवय तिथंच लागते.

रोज ये-जा मात्र नको. लोंढा-अळणावर मार्गे रेल्वे आहे हे खरं, पण प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा.

एम.ए. मराठी असतं तर मी बेधडक चन्नम्माच सांगितलं असतं. आपल्या भागातली पोरं, आपली भाषा, घरचं जेवण, सगळं जुळतं. व्हीटीयूचं, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं नाव कुणीतरी घेतलंय, पण ते मुख्यतः इंजिनिअरिंगचं, इथं त्याचा संबंध नाही.

आणि पदवीच्या वजनाची काळजी सोडा. दोन्ही सरकारी, महाराष्ट्रातही दोन्ही चालतात. लेकीला एकदा धारवाडची लॅब दाखवून आणा, मग तिलाच ठरवू द्या.