कुत्र्याला शिरेतून अन्न (टीपीएन): कुणाला अनुभव?

सायली_नाशिक
आमचा बीगल, ८ वर्षांचा, १२ किलो. पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) निघालाय. गुरुवारपासून पोटात काही ठरत नाही, पाणीसुद्धा उलटून पडतंय. रोज सलाईन चालू आहे. आता डॉक्टर म्हणतात मुंबईला न्या, टीपीएन लागेल. सासरे म्हणतात, सलाईनमधून ग्लुकोज जातंच आहे की, आणखी वेगळं काय देणार? कुठे करतात, काय विचारून घ्यायचं?

गुरांचा_डॉक्टर
ताई, आधी सासऱ्यांचं. आरएल (रिंगर लॅक्टेट, नेहमीचं क्षारांचं सलाईन) मध्ये उष्मांक जवळजवळ नसतातच. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभरात ५० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १७० किलोकॅलरी. तुमच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण ४३० लागतात (वजन गुणिले ३० अधिक ७०). म्हणजे अडीच लिटर सलाईन! त्याची दिवसाची पाण्याची गरज जेमतेम ६००-७०० मिली. शिवाय प्रथिनं शून्य, म्हणून अंगावरचं मांस झडतं.

टीपीएनच्या पिशवीत अमिनो ॲसिड, डेक्स्ट्रोज आणि स्निग्ध इमल्शन असतं. इतकं दाट द्रावण पायाच्या शिरेला सोसत नाही, मानेच्या मोठ्या शिरेत कॅथेटर लागतं. पातळ करून पायातून देतात ते पीपीएन, त्यात गरज अर्धवटच भागते.

गंमत म्हणजे १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली ड्युड्रिक यांनी हे तंत्र बीगलच्या पिल्लांवरच सिद्ध केलं. नुसत्या शिरेतल्या अन्नावर ती पिल्लं वाढली. माणसांच्या आयसीयूत ही पिशवी आली ती त्यानंतर.

वाघ्याची_आई
पण नळीचं विचारलंत का? आमच्या पिल्लाला पार्व्होत (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार) नाकातून बारीक नळी घालून पातळ अन्न थेंबथेंब दिलं होतं. मधूनमधून उलट्या व्हायच्या, तरी चालू ठेवलं.

गुरांचा_डॉक्टर
अगदी बरोबर. स्वादुपिंडाला आराम म्हणून उपाशी ठेवायचं, ही जुनी पद्धत आता मागे पडली. आतड्याला थोडं तरी अन्न मिळालं तर त्याचं अस्तर टिकतं. मॅरोपिटंटचं इंजेक्शन देऊन उलट्या आवरतात का ते पाहायचं, मग नळी. तरीही काही टिकत नसेल किंवा कुत्रा शुद्धीत नसेल, तर टीपीएन.

करायचंच ठरलं तर एवढं विचारा: रात्री माणूस असतो का? अन्नाच्या कॅथेटरमधून रक्त काढणार नाहीत ना, दुसरी औषधं सोडणार नाहीत ना? जंतुसंसर्ग तिथूनच शिरतो. साखर किती वेळा तपासणार? पहिल्या दिवशी निम्म्याच कॅलरी देणार ना? "सगळं होतं हो इथे" असं मोघम उत्तर आलं तर पुढचं दार बघा.

सायली_नाशिक
नळीचं कुणी बोललंच नव्हतं! आत्ताच फोन केला, उद्या सकाळी घालून बघू म्हणालेत. तरी मुंबईतलं नाव असू द्या.

वाघ्याची_आई
परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटीट हे जनावरांचं रुग्णालय आहे. पण टीपीएन करतात का ते फोनवर विचारूनच निघा, आजारी जीव घेऊन कसारा घाट उगाच नको.

गुरांचा_डॉक्टर
आणि रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम, फॉस्फरस आहेत का ते आजच बघा. बरेच दिवस उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर दिलं की ते दोन्ही धाडकन उतरतात, मग अन्न नळीतून जावो की शिरेतून. तपासले नसतील तर उद्या नळी घालायच्या आधी करून घ्या.