कैदेतून निवडून आलेला शेतकरी
'अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, वकील आणि बडे जमीनदारच जायचे' असं म्हणतात ते बऱ्याच अंशी पटतं, पण व्हरमाँट राज्याचा खासदार मॅथ्यू लायन त्यात बसत नाही. आयर्लंडहून पोरवयात आला तो बोटभाड्यापोटी राबायचा करार करून, आणि तो करार पुढे एका बैलजोडीच्या मोबदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला. 'मला सोडवणाऱ्या बैलांची शपथ' असं तो नंतर म्हणायचा! मग व्हरमाँटमध्ये जमीन, फेअर हेवन गाव वसवणं, गिरण्या.

१७९८ मध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सवर टीका केली म्हणून त्याला राजद्रोहाच्या कायद्याखाली ४ महिने कैद आणि १००० डॉलर दंड झाला. ऐन हिवाळ्यात व्हरमाँटमधल्याच व्हर्जेन्स गावच्या कोठडीत असतानाच मतदारांनी त्याला काँग्रेसवर पुन्हा निवडून दिलं. दंड व्याजासह परत मिळाला तो १८४० मध्ये, वारसांना.