मदत हवी आहे: रोज जेव्हीएलआर, महिन्यातून एकदा आजरा. डिझेल की हायब्रिड?

नमस्कार मंडळी,

जुनी गाडी काढतोय. बजेट ऑन-रोड बावीस-तेवीस लाख. रोज मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), म्हणजे पवईला फर्स्ट-सेकंडमध्येच रांगणं. शिवाय महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन आजऱ्याला (कोल्हापूर जिल्हा). पाच माणसं, येताना घनसाळ तांदळाची पोती. निवड क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक आणि ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरीवरची मोटर) यांत अडकली आहे.

कागदावर मायलेज विटारा २७.९७, क्रेटा १९.१ किमी प्रति लिटर. पण पेट्रोल शंभरच्या वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास, त्यामुळे फरक दिसतो तेवढा नाही. त्यातून हायब्रिडची खरी कमाई ट्रॅफिकमध्ये: कमी वेगात मोटरवर चालायचं, ब्रेक लावला की बॅटरी भरायची. एक्स्प्रेसवेला एकाच वेगात चाललं की ती कमाई आटते.

घाटाचीच जास्त धास्ती आहे. क्रेटाला २५० एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद), तोही १५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच. विटाराचं इंजिन दीड लिटर, तीन सिलिंडर, आणि बॅटरी एक युनिटसुद्धा वीज न साठवणारी. लांब चढाला ती संपली की सगळा भार इंजिनावर. डिकीही २६५ लिटरच. पोती कुठे ठेवायची?

मग डिझेलच घ्यावं, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. अडकलेली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग पळावी लागते, ते जेव्हीएलआरवर कसं होणार? रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. शिवाय जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, ते तपासायला सरकारला सांगितलंय. दिल्लीत डिझेलला दहाच वर्षं मिळाली, हे डोक्यातून जात नाही. मला गाडी किमान दहा वर्षं वापरायची आहे.

तरी कल हायब्रिडकडेच आहे, कारण महिन्याचे बहुतेक दिवस मी पवईतच अडकलेला असतो.

विटारा किंवा हायरायडर (तिचीच टोयोटा आवृत्ती) हायब्रिड वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: पाच जण, सामान, एसी चालू असताना खंडाळा आणि खंबाटकी कसे चढता? ट्रकला ओव्हरटेक करताना दम लागतो का, की नुसता इंजिनाचा आवाज वाढतो? टाकी-टू-टाकी मोजलेलं मायलेज असेल तर शहर आणि हायवे वेगळं द्या.

आणि मुंबईतल्या बीएस-६ डिझेलवाल्यांनो, महिन्यातून एक लांब फेरी डीपीएफला पुरते का, की मधेच दिवा लागून वर्कशॉप गाठावं लागतं?